मांसमाशी: ओळख, वर्गीकरण आणि मृत्यूच्या वेळेचा हिशेब

द्विपंख

शवविच्छेदनाच्या अहवालात पुष्कळदा "शरीरावर अळ्या आढळल्या" एवढंच वाक्य असतं. फार झालं तर पुढे "सार्कोफॅगा, जात अनिश्चित" असा शेरा. सार्कोफॅगा हा मांसमाश्यांचा वंश. तिथे कीटकांचा पुरावा संपतो. मांसमाशी जातीपर्यंत ओळखली नाही, तर तिच्यावरून काढलेली वेळ उलटतपासणीत टिकत नाही. आणि जातीपर्यंत पोचायचं की नाही हे प्रयोगशाळेत नव्हे, मृतदेहाजवळ पहिल्या तासा-दोन तासांत ठरतं. म्हणून हा धागा. जीवशास्त्रापासून सुरुवात करतो, पुढे जाणकारांनी भर घालावी.

आधी ओळख. मांसमाशी करड्या रंगाची असते. छातीवर लांबीत तीन काळे पट्टे, पोटावर काळ्या-रुपेरी चौकटी. माशी हातात फिरवली की उजेडाच्या कोनाप्रमाणे काळी चौकट रुपेरी होते आणि रुपेरी काळी. डोळे विटकरी लाल. बऱ्याच जातींत नराच्या पोटाचं टोक तांबडं. घरमाशीच्या छातीवर चार पट्टे असतात आणि ती जेमतेम ६-७ मिमी भरते. आपल्याकडे मृतदेहावर दिसणाऱ्या मांसमाश्या बहुधा ८ ते १५ मिमीच्या. मृतदेहावर येणारी दुसरी नेहमीची माशी म्हणजे ब्लोफ्लाय. तिची हिरवी-निळी धातूसारखी चकाकी मांसमाशीला नसते.

पण रंगावर थांबू नका. ब्लोफ्लायच्या जवळच्या काही माश्याही करड्या असतात. भिंग घ्या आणि राठ केस मोजा:

- छातीच्या कडेला, पंखाच्या मुळापुढे एक त्रिकोणी पट्टी असते. मांसमाशीत तिच्यावर चार राठ केस, दोन मोठे आणि दोन लहान. ब्लोफ्लायमध्ये दोनच.
- छातीच्या बाजूला, मागच्या पायाच्या मुळाच्या वर राठ केसांची एक ओळ असते. ती मांसमाशी, ब्लोफ्लाय आणि टॅकिनिड (इतर कीटकांच्या शरीरात वाढणारी माशी) या तिघांत असते, घरमाशीच्या कुळात नसते.
- छातीच्या मागच्या टोकाला ढालीसारखा भाग असतो. त्याच्या खाली आणखी एक फुगीर उशी दिसली तर ती टॅकिनिड. मांसमाशीत ही उशी वाढलेली नसते.

हाताच्या १० पटीच्या भिंगातून पहिली खूण दिसते. बाकीच्यांना २० ते ४० पटीचा स्टीरिओ मायक्रोस्कोप लागतो.

अळीमिळी

उत्तम सुरुवात. वर्गीकरणाची बाजू मी घेते.

गण डिप्टेरा, कुळ सार्कोफॅगिडी. ब्लोफ्लायचं कॅलिफोरिडी, टॅकिनिडी आणि गुरांच्या बॉटमाश्यांचं ईस्ट्रिडी ही याची भावकी. जगात या कुळाच्या तीन हजारांवर जाती नोंदल्या आहेत आणि उपकुळं तीन. "सगळ्या मांसमाश्या मांस खातात" हा समज इथेच गळून पडतो.

मिल्टोग्रामिनी: एकट्या राहणाऱ्या गांधीलमाश्या आणि मधमाश्यांच्या बिळांवर पाळत ठेवणाऱ्या. यजमान भक्ष्य घेऊन आली की मागोमाग उडत जाऊन आपली अळी तिच्या साठ्यावर टाकतात. तिच्या पिल्लांसाठीचं अन्न ही अळी फस्त करते.

पॅरामॅक्रोनिकिनी: यातला वोल्फार्टिया हा वंश महत्त्वाचा. वोल्फार्टिया मॅग्निफिका भूमध्य समुद्राभोवती आणि मध्य आशियात मेंढ्यांच्या जिवंत मांसात वाढते.

सार्कोफॅगिनी: मृतदेहावर दिसणाऱ्या बहुतेक माश्या इथल्या. पण याच उपकुळात टोळांच्या शरीरात वाढणारी ब्लेसॉक्सिफा आहे, शेणात वाढणारी रॅव्हिनिया आहे. अमेरिकेतली एम्ब्लेमासोमा ऑडिट्रिक्स तर सिकाडा या गाणाऱ्या कीटकाचं गाणं ऐकून त्याच्यापर्यंत पोचते आणि त्याच्यात अळी सोडते. मला या कुळातली ही सर्वांत विलक्षण माशी वाटते.

आता नावांचा गुंता, कारण प्रकरणात खरी अडचण हाच करतो. सार्कोफॅगा हा वंश माइगेनने १८२६ मध्ये मांडला. पुढे रोडेनडॉर्फ आणि इतरांनी त्याचे अनेक छोटे वंश केले. थॉमस पेप यांच्या १९९६ च्या जागतिक सूचीत ते पुन्हा सार्कोफॅगाखाली उपवंश म्हणून आले. परिणाम असा की भारतीय शोधनिबंधांत एकच माशी पॅरासार्कोफॅगा रुफिकॉर्निस, लायोपायजिया रुफिकॉर्निस आणि सार्कोफॅगा रुफिकॉर्निस अशा तीन नावांनी सापडते. वाढीचे तक्ते (कोणत्या तापमानाला कोणत्या टप्प्याला किती वेळ लागतो याचे) शोधताना तिन्ही नावांनी शोधा. जुन्या साहित्यातली "हीमोऱ्हॉयडॅलिस" म्हणजे बहुधा आजची सार्कोफॅगा आफ्रिका. भारतीय जातींसाठी भारतीय प्राणी सर्वेक्षणाने २००२ मध्ये काढलेला बी. सी. नंदी यांचा खंड हाताशी हवा, मात्र त्यातली नावं आजच्या नावांशी पडताळून घ्यावी लागतात.

आपल्याकडच्या कामात नेहमी भेटणाऱ्या: रुफिकॉर्निस (फॅब्रिशियस, १७९४, शृंगिका म्हणजे डोक्यावरच्या मिशा तांबूस), डक्स (थॉमसन, १८६९), पेरेग्रिना आणि अल्बिसेप्स.

जिज्ञासा_न

वाचतेय. न्यायवैद्यकशास्त्राच्या अभ्यासक्रमात "मांसमाशी अंडी घालत नाही" एवढं एका ओळीत आहे. म्हणजे नेमकं काय होतं? आणि वेळेच्या हिशेबात त्याने किती फरक पडतो?

द्विपंख

@जिज्ञासा_न, तुम्ही बरोबर मर्मावर बोट ठेवलंत.

मादीच्या पोटात गर्भाशयाची दोन पालींची पिशवी असते. फलित अंडी तिथेच उबतात आणि मादी थेट पहिल्या अवस्थेतल्या जिवंत अळ्या टाकते. एका खेपेला साधारण २० ते ४०, काही जातींत त्याहून जास्त. सगळ्या एकाच जागी टाकेल असंही नाही. थोड्या इथे, थोड्या तिथे, कधी उडता उडता. १६६८ मध्ये फ्रान्सेस्को रेडीने मांसाच्या बरण्यांवर जाळीदार कापड बांधून प्रयोग केले, तेव्हा काही माश्या कापडापर्यंत पोचायच्या आधीच हवेतून अळ्या सोडताना त्याला दिसल्या होत्या. हे वर्तन मांसमाशीचंच.

हिशेबातला फरक असा. ब्लोफ्लायची अंडी उबदार हवेत फुटायला साधारण अर्धा ते एक दिवस घेतात. मांसमाशीत तो टप्पा शरीराबाहेर नाहीच. म्हणजे अळीचं वय अळी टाकल्या क्षणापासून मोजायचं. मांसमाशीच्या अळीला ब्लोफ्लायचा तक्ता लावला, तर अंड्याचे तास फुकट जोडले जातात आणि मृत्यूची वेळ तेवढी मागे ढकलली जाते. संशयित त्या अर्ध्या दिवसात गावात होता की नव्हता, यावरच प्रकरण उभं असू शकतं.

एक बारकावा: मांसमाशी कधीमधी अंडीही टाकते, ती बहुतेक फलित नसलेली किंवा न उबलेली. अशी अंडी दिसली म्हणून ब्लोफ्लाय असा निष्कर्ष काढू नका.

वाढीचे टप्पे, २६ ते २८ °से. तापमानात ढोबळमानाने: पहिली अवस्था एक दिवसाच्या आत, दुसरी सुमारे एक दिवस, तिसरी खादाड अवस्था दीड-दोन दिवस. मग अळी खाणं सोडून कोरडी जागा शोधत भटकते, आकसून कोष करते आणि त्यानंतर आठ-दहा दिवसांनी माशी बाहेर येते. हे आकडे फक्त अंदाज येण्यासाठी. प्रत्यक्ष प्रकरणात त्या जातीचा, शक्यतो त्याच भागातल्या माश्यांवर केलेला तक्ता वापरायचा.

अळीमिळी

अळी ओळखण्याची खूण लिहायची राहिली. अळीचं मागचं टोक भिंगाखाली धरा. मांसमाशीच्या अळीची मागची श्वासरंध्रं एका खोल खड्ड्यात बसलेली असतात. खड्ड्याच्या काठावर मांसल गाठी असतात आणि काठ आवळून अळी तो खड्डा बंद करू शकते, म्हणून पातळ द्रवातही ती तगते. प्रत्येक रंध्रात तीन फटी, जवळपास उभ्या आणि एकमेकींना समांतर. भोवतीचं काळं कडं अपुरं, एका बाजूला उघडं. ब्लोफ्लायमध्ये रंध्रं उथळ जागी असतात आणि फटी तिरप्या. घरमाशीच्या फटी नागमोडी.

हाच खड्डा कोषाच्या मागच्या टोकालाही टिकतो, कारण कोषाचं कवच म्हणजे तिसऱ्या अवस्थेतल्या अळीचीच कडक झालेली कातडी. त्यामुळे कोषावरून कुळ सहज सांगता येतं.

पण अळीवरून जात? बहुतेक वेळा नाही. मांसमाश्यांत जात ठरते ती नराच्या जननांगावरून. माद्या एकमेकींसारख्याच दिसतात. म्हणूनच अळ्या जिवंत आणून माशी होईपर्यंत वाढवणं हा टप्पा गाळता येत नाही. सगळ्या अळ्या अल्कोहोलमध्ये बुडवून आणल्या तर पुढचा रस्ता फक्त डीएनएचा उरतो.

मुद्देमाल

घटनास्थळी काय करायचं ते क्रमाने लिहितो. यात जिथे चुकतं, तिथे पुढे काहीच दुरुस्त होत नाही.

तापमान सर्वांत आधी, कारण मृतदेह हलवला की ते गेलं. हवेचं तापमान जमिनीपासून सुमारे एक मीटरवर, सावलीत. मृतदेहाच्या पृष्ठभागाचं. मृतदेह आणि जमीन यांच्या मधलं. अळ्यांचा घोळका असेल तर त्याच्या मधोमध. मातीचं ५, १० आणि २० सेंमी खोलीवर. मग तासातासाला नोंद करणारा डेटा लॉगर तिथेच पाच ते दहा दिवस लावून ठेवायचा. या नोंदी जवळच्या हवामान केंद्राच्या त्याच दिवसांच्या आकड्यांशी जुळवल्या की मागच्या दिवसांचं घटनास्थळाचं तापमान काढता येतं. नुसतं हवामान केंद्राचं सरासरी तापमान घेणं ही नेहमीची चूक. पत्र्याच्या शेडमध्ये आणि वडाच्या सावलीत दुपारचं तापमान एक नसतं.

अळ्यांच्या घोळक्याचं तापमान हवेपेक्षा १०-२० अंशांनीही जास्त असू शकतं. मांसमाशीचे स्वतःचे घोळके सहसा लहान असतात, पण आपल्याकडे त्यांच्यासोबत क्रायसोमाया मेगासेफाला या ब्लोफ्लायच्या अळ्या हजारोंनी असतात. मिश्र घोळक्यातली मांसमाशीची अळी हवेच्या तापमानावर वाढलेली नसते.

नमुने दोन भागांत.

मारून जतन करायच्या: ८० °से. च्या वर तापलेल्या पाण्यात ३० सेकंद, मग ७० ते ८० टक्के अल्कोहोल. डीएनएसाठी थोड्या वेगळ्या काढून ९५ टक्क्यांत. फॉर्मालिन अजिबात नको, डीएनए खराब होतो. जिवंत अळी थेट अल्कोहोलमध्ये टाकली तर ती आकसते आणि काळी पडते. मग लांबी कमी भरते आणि वय कमी निघतं. अहवालात "गरम पाण्यात मारल्या" हे वाक्य नसेल, तर त्या लांबीवर मी विश्वास ठेवत नाही.

जिवंत आणायच्या: हवा खेळेल अशा डब्यात, तळाशी लाकडाचा भुसा, वर कलेजीचा तुकडा. झाकणाला बारीक कापड ताणून घट्ट बांधायचं. मांसमाशीची अळी ओल्या भिंतीवर सहज चढते. हवाबंद प्लास्टिकच्या पिशवीत घातलेल्या अळ्या प्रयोगशाळेत मेलेल्याच पोचतात. वाटेत ४ °से. ला ठेवल्या तर किती ते किती वाजेपर्यंत ठेवल्या हे लिहा. त्या तासांत वाढ थांबलेली असते आणि हिशेबातून ते तास वगळावे लागतात.

प्रत्येक वयाच्या अळ्या घ्या, पण सर्वांत मोठ्या सुटायला नकोत. मोठ्या बहुधा मृतदेहावर नसतात. त्या खाणं संपवून निघून गेलेल्या असतात. मृतदेहाभोवती दोन-तीन मीटरपर्यंतची वरची ५ ते १० सेंमी माती चाळा. घरात असाल तर गालिच्याखाली, कपाटामागे, उंबरठ्याच्या फटीत बघा.

चिठ्ठी पेन्सिलीने लिहून कुपीच्या आत टाका. बॉलपेनची शाई अल्कोहोलमध्ये धुऊन जाते.

जिज्ञासा_न

@मुद्देमाल सर, पंचनाम्यात हे कसं यावं? आणि तासांचा हिशेब एकदा उदाहरणाने दाखवाल का?

मुद्देमाल

मरणोत्तर पंचनामा आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १९४ खाली होतो, पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेचं १७४ होतं. १ जुलै २०२४ पासून नवे कायदे लागू आहेत. सात वर्षं किंवा जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात न्यायवैद्यक तज्ज्ञाने घटनास्थळी जाण्याची तरतूद कलम १७६ (३) मध्ये आहे. माझ्या मते कीटकांच्या पुराव्यासाठी ही सर्वांत मोठी संधी आहे, कारण अळ्या रुग्णालयाच्या शीतपेटीत पोचेपर्यंत अर्धा पुरावा गेलेला असतो. तज्ज्ञाचं मत भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ३९ खाली येतं.

पंचनाम्यात शरीराच्या कोणत्या भागावरून किती अळ्या, किती वाजता, कोणी घेतल्या, कुपी क्रमांक, सील हे सगळं यावं. जिवंत नमुन्याचा डबा सील करताना हवेची जाळी झाकली जाणार नाही हे बघा. हे सांगावं लागतं.

आता हिशेब. आकडे समजण्यापुरते घेतो. समजा तक्त्यानुसार एका जातीला अळी टाकल्यापासून कोष होईपर्यंत २७ °से. ला १२० तास लागतात आणि वाढ थांबण्याचं किमान तापमान १० °से. आहे. म्हणजे प्रत्येक तासाला १७ (२७ वजा १०) अंश-तास जमतात, एकूण १७ × १२० = २०४०. घटनास्थळाचं दुरुस्त केलेलं सरासरी तापमान २४ °से. निघालं, तर तासाला १४ अंश-तास. २०४० ÷ १४ = जवळपास १४६ तास, म्हणजे सहा दिवस आणि दोन तास. प्रत्यक्षात सरासरी घेत नाहीत. नमुना घेतल्याच्या क्षणापासून एकेका तासाचे अंश-तास मागे वजा करत जातात, शून्य आलं की थांबतात.

तो क्षण मृत्यूचा नव्हे, अळी टाकल्याचा. मृत्यू त्याच्या आधी कधीतरी. म्हणून अहवालात "किमान कालावधी" असंच लिहायचं. मांसमाश्या साधारणपणे रात्री अळ्या टाकत नाहीत, त्यामुळे हिशेब मध्यरात्रीवर आला तर आकडे पुन्हा तपासा.

गोठा_आणि_गुरं

पशुवैद्यकाच्या बाजूने एक मुद्दा. अळ्या मेल्यावरच पडतात असं नाही. आपल्याकडे गुरांच्या जिवंत जखमेतल्या अळ्यांचा मोठा वाटा क्रायसोमाया बेझियाना या स्क्रूवर्म माशीचा. ती निरोगी मांस पोखरते. सार्कोफॅगाच्या अळ्या सहसा आधीच कुजायला लागलेल्या, दुर्लक्षित जखमेत सापडतात. जखमेत टर्पेंटाइनचा बोळा ठेवला की अळ्या वर येतात, मग चिमट्याने काढतात. पण नमुना ओळखायला पाठवायचा असेल तर काही अळ्या टर्पेंटाइन लावायच्या आधीच काढा.

माणसाच्या बाबतीत हेच लागू. अंथरुणाला खिळलेल्या वृद्धाच्या शय्याव्रणात मृत्यूच्या आधीच अळ्या असू शकतात. अशा वेळी अळीचं वय मृत्यूनंतरच्या काळापेक्षा जास्त निघतं. ते दुर्लक्षाचा कालावधी सांगतं, मृत्यूचा नाही. अळ्या डोळे, नाक, तोंड सोडून फक्त व्रणात किंवा लंगोटाच्या भागात असतील, तर हा विचार आधी करा.

अळीमिळी

हा मुद्दा फार मोलाचा. शरीराचा कोणता भाग हे कुपीवर लिहिलं नाही, तर हा भेद कायमचा पुसला जातो.

आता जिवंत अळ्या वाढवताना काय बिघडतं ते.

अन्न: एका अळीमागे किमान एक ग्रॅम कलेजी, शक्यतो दोन. कमी पडलं तर अळ्या लवकर खाणं सोडतात, कोष लहान होतात आणि माश्या बुटक्या निघतात. कलेजीचं पाणी तळाशी साचू देऊ नका. भुसा किंवा कोरडी वाळू ४-५ सेंमी हवी, नाहीतर भटकणाऱ्या अळ्या ओलसर जागेत कोष न करता ताटकळतात.

नोंद: अळीच्या पुढच्या भागात कातडीतून काळपट लाल अन्नपिशवी दिसते. ती भरलेली असेल तर अळी खातेय, आकसत गेली की भटकण्याची अवस्था. तिसऱ्या अवस्थेत लांबी फसवी असते, कारण खाणं थांबल्यावर अळी पुन्हा आखूड होते. १४ मिमीची अळी चढतीवरची की उतरतीवरची, हे अन्नपिशवी सांगते.

कोष: सुरुवातीला फिकट पिवळसर पांढरा असतो, काही तासांत तांबूस आणि एका दिवसात गडद तपकिरी होतो. पांढरा कोष मिळाला तर त्याची वेळ तासांत सांगता येते, म्हणून तो वेगळ्या कुपीत आणि लगेच छायाचित्र.

भक्षक: क्रायसोमाया रुफिफेसिसची काटेरी अळी इतर अळ्या खाते, मांसमाशीच्याही. दोन्ही एका डब्यात आणल्या तर फक्त क्रायसोमाया उरते. घटनास्थळीच काटेरी अळ्या वेगळ्या करा.

परोपजीवी: नॅसोनिया व्हिट्रिपेनिस ही २-३ मिमीची गांधीलमाशी कोषात अंडी घालते. माशी बाहेर पडते तेव्हा ती डोक्यावरची पिशवी फुगवून कोषाचं पुढचं टोक झाकणासारखं उघडते. नॅसोनिया मात्र कवचाला बारीक गोल भोक पाडते. भोक असलेला कोष "माशी निघून गेली" म्हणून नोंदवला तर हिशेब चुकतो. नॅसोनियाला २५ °से. ला सुमारे दोन आठवडे लागतात, त्यामुळे तिच्यावरूनही काळ मोजता येतो.

द्विपंख

माशी बाहेर आल्यानंतरचं काम मी सांगतो. पंख ताठ आणि रंग पक्का व्हायला एक दिवस जाऊ द्या. मग फ्रीझरमध्ये मारा आणि अंग मऊ असतानाच नराची जननांगं बाहेर काढून ठेवा. बारीक टाचणीचं टोक आकड्यासारखं वाकवायचं, पोटाच्या टोकाखालून हळूच अडकवून मागे ओढायचं आणि वाळेपर्यंत टाचणीने तसंच धरून ठेवायचं. वाळल्यावर मायक्रोस्कोपखाली थेट दिसतं, कापावं लागत नाही. आधीच वाळलेली माशी असेल तर दमट डब्यात एक दिवस मऊ करा, पोटाचं टोक कापून १० टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये ठेवा, पाण्याने धुवा आणि ग्लिसरीनमध्ये बघा. कापलेला भाग त्याच टाचणीवर छोट्या कुपीत अडकवायचा, नाहीतर कोणाचं काय हे कळत नाही.

डीएनएसाठी मायटोकॉन्ड्रियातल्या सीओआय जनुकाचा ६५८ बेसजोड्यांचा तुकडा वापरतात. बहुतेक मांसमाश्या त्यावर वेगळ्या पडतात. पण सार्वजनिक संग्रहातल्या काही नोंदी मुळात चुकीच्या ओळखीवर आहेत. ज्या नोंदीमागे जननांग तपासलेला नर जपून ठेवलेला आहे, तिच्याशीच जुळवा.

जात चुकली की काय होतं याचं एक जुनं उदाहरण फ्रान्समधल्या आर्ब्वा गावचं. १८५० मध्ये एका घरात शेकोटीची दुरुस्ती करताना अर्भकाचा सुकलेला मृतदेह सापडला. डॉ. बर्जेरे यांनी त्यावरच्या मांसमाशीच्या आणि पतंगाच्या अवशेषांवरून मृत्यू १८४८ चा ठरवला, त्यामुळे संशय तेव्हाच्या भाडेकरूंकडे वळला. १८५५ मध्ये त्यांनी हे प्रसिद्ध केलं. कीटकांवरून काळ मोजण्याच्या युरोपातल्या पहिल्या नोंदलेल्या प्रकरणांपैकी हे एक. पण त्यांनी माशीच्या एका पिढीला जवळपास वर्ष लागतं असं धरलं होतं, जे उन्हाळ्यात दोन-तीन आठवड्यांत होतं. शिवाय माशीला त्यांनी सार्कोफॅगा कार्नेरिया म्हटलं. कार्नेरियाच्या अळ्या गांडुळांवर वाढतात हे आता पक्कं माहीत आहे, म्हणजे ती माशी बहुधा दुसरीच. आजही जुन्या पुस्तकांवरून मृतदेहावरच्या कोणत्याही मांसमाशीला कार्नेरिया म्हणणारे अहवाल दिसतात. असा अहवाल हातात आला तर जात तपासलेलीच नाही असं समजा.

मुद्देमाल

दोन गोष्टी जोडतो.

अमली पदार्थ. हवाईमध्ये ली गॉफ आणि सहकाऱ्यांनी १९८९ मध्ये कोकेन आणि १९९१ मध्ये हेरॉइन दिलेल्या सशांच्या अवयवांवर पेरेग्रिनाच्या अळ्या वाढवल्या. अळ्या जलद वाढल्या. हेरॉइनच्या प्रयोगात कोषाचा काळ उलट लांबला आणि अळीवरून काढलेल्या वेळेत २९ तासांपर्यंत चूक होऊ शकते असं दिसलं. कीटकनाशकाने माश्या येण्यालाच उशीर होतो. विषप्रयोगाचा संशय असेल तर काही अळ्या विष तपासणीसाठी वेगळ्या गोठवून पाठवा. मृतदेहाचे मऊ भाग उरले नसतील तेव्हा हाच नमुना असतो.

दुसरं, जागा. मांसमाश्या बंद घरांत आणि उंच मजल्यांवरही पोचतात. फटीतून आत जाता आलं नाही तर जाळीवर किंवा फटीच्या तोंडाशी अळ्या टाकतात आणि त्या सरपटत आत जातात. रिमझिम पावसातही त्या उडतात, म्हणून पावसाळ्यातल्या प्रकरणात काही वेळा पहिली माशी हीच असते. "आधी ब्लोफ्लाय, नंतर मांसमाशी" हा पुस्तकी क्रम डोळे झाकून धरू नका.

जिज्ञासा_न

थंडीत कोष वाढायचे थांबतात असं वाचलं. आपल्याकडे त्याचा विचार करावा लागतो का? आणि मृतदेह जुना असून एकच रिकामा कोष मिळाला, तर त्यातून काही निघतं का?

द्विपंख

सार्कोफॅगाच्या बुलाटा आणि क्रॅसिपाल्पिस या समशीतोष्ण जातींत कोष महिनोन् महिने सुप्त राहतो. कीटकशास्त्रज्ञ डेव्हिड डेनलिंगर यांच्या कामातून दिसलं की दिवस लहान होत असल्याची खूण मादीच्या पोटातल्या भ्रूणालाच मिळते. केनियातल्या विषुववृत्ताजवळच्या मांसमाश्यांत त्यांना सुप्तावस्था सापडली, पण तिथे कारण दिवसाची लांबी नव्हे, थंड तापमान. म्हणून डोंगराळ किंवा उत्तरेकडच्या हिवाळी प्रकरणात हा विचार करावाच लागतो. प्रयोगशाळेत इतर कोषांतून माश्या निघाल्या आणि काही तसेच राहिले तर ते मेले म्हणून फेकू नका. एखादा कोष पुढच्या टोकाला अलगद उघडून बघा. आतली बाहुली पांढरट आणि टवटवीत असेल तर ती सुप्त असू शकते.

अळीमिळी

रिकाम्या कोषाचं मी सांगते. कोरड्या जागी कवच वर्षानुवर्षं टिकतं. मागचा खड्डा पाहून कुळ ठरवा. कवच फुटलेलं असलं तरी पुढच्या झाकणाचे तुकडे शोधा. तिसऱ्या अवस्थेतल्या अळीचे तोंडाचे काळे आकडे झाकणाच्या आतल्या बाजूला, खालच्या अंगाला चिकटलेले असतात. कवच कोमट पाण्यात थोडं साबण घालून भिजवा, मऊ कुंचल्याने माती काढा, आकडे सोडवून पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये स्वच्छ करून स्लाइडवर घ्या. त्यावरून काही जाती वेगळ्या करता येतात. कवचाच्या आत बाहुलीची पातळ कातडी उरली असेल तर ती डीएनएसाठी कोरडीच राखा, धुऊ नका.

वेळेबद्दल एकच विधान करता येतं: तिथे किमान एक पूर्ण पिढी वाढून बाहेर पडली, तेव्हा त्या जातीला त्या तापमानात लागणारा पूर्ण काळ हा किमान काळ. कमाल काही सांगता येत नाही. आणि रिकामे कोष भरलेल्या कोषांच्या डब्यात कधीच टाकू नका. वाटेत एखादी माशी निघाली तर कोणता आधीपासून रिकामा होता हे नंतर कोणालाच सांगता येणार नाही.